मुका सीबी आणि ‘सोनेरी स्क्रू-ड्रायव्हर’

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातून जाणारा आंतरराज्य महामार्ग क्रमांक 80 हिवाळ्यातील वादळी वाऱ्यांसाठी आणि उडणाऱ्या बर्फासाठी कुप्रसिद्ध आहे. समोरचे दिसेनासे होते आणि एकामागून एक वाहने आदळत जातात. अशा वेळी ट्रकचालकाच्या डोक्यावर बसविलेल्या छोट्या पेटीतून ‘पुढे गाड्या आदळल्या आहेत, वेग कमी करा’ असा कुणा अनोळखी चालकाचा आवाज आला, तर ब्रेक लावायला अवधी मिळतो. ही पेटी म्हणजे सिटिझन्स बँड, अर्थात सीबी रेडिओ. ती मुकी झाली की चालक ती उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतो. बिघाड मात्र पुष्कळदा पेटीत नसतोच, आणि नेमके हेच न सांगणारे दुकानदार या व्यवसायात कमी नाहीत.

सीबीला 27 मेगाहर्ट्झचा पट्टा 1958 मध्ये मिळाला. 1973 च्या तेलसंकटानंतर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली आणि इंधन कुठे मिळते, पोलिस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना कळविण्यासाठी ट्रकचालकांनी सीबीला जवळ केले. 1 जानेवारी 1977 पासून 23 ऐवजी 40 चॅनेल उपलब्ध झाले. 1983 मध्ये वैयक्तिक परवान्याची अटही गेली. मोबाइल आल्यावर घराघरांतील सीबी अडगळीत गेले, तरी ट्रकमधील टिकले. मोबाइलवर बोलायला समोरच्याचा क्रमांक ठाऊक असावा लागतो. 19 क्रमांकाच्या चॅनेलवर आसपासच्या सर्वांना एकाच वेळी हाक मारता येते. व्यावसायिक वाहनचालकांना हातात धरून मोबाइल वापरण्यास 2012 पासून मनाई झाली, ती बंदीही सीबीला लागू झाली नाही.

आधी बाहेरचे तपासा

रेडिओ ‘बंद पडला’ म्हणजे नेमके काय झाले, हा पहिला प्रश्न. दिवाच लागत नाही, दिवा लागतो पण ऐकू येत नाही, ऐकू येते पण आपले बोलणे कुणापर्यंत पोहोचत नाही, या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. दिवा लागत नसेल तर फ्यूज, लाल-काळ्या तारांची जोडणी आणि बॅटरीचा दाब पाहावा. इंजिन सुरू असताना साधारण 13.8 व्होल्ट मिळायला हवेत. तारा उलट जोडल्या गेल्या तर अनेक संचांतील संरक्षक डायोड स्वतः बळी जाऊन फ्यूज उडवतो. तेथे जाड फ्यूज घालून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. पेटी खरोखर जळते ती त्यानंतर.

दिवा आहे पण आवाज नाही, या तक्रारीचे कारण कित्येकदा लाजिरवाणे असते. स्क्वेल्चचे बटण शेवटपर्यंत फिरलेले, आरएफ गेन उतरवलेला, किंवा ‘सीबी-पीए’ हा खटका चुकून पीएकडे सरकलेला. पुष्कळ संचांत माइकची पिन नीट बसली नसेल तरी स्पीकर गप्प होतो. माइकची पिळाची वायर पिनपाशी रोज वाकून आतल्या आत तुटते. शक्य असल्यास मित्राचा, त्याच जोडणीचा माइक लावून पाहावा. पिनांची संख्या सारखी असली तरी आतील जोडणी कंपनीगणिक बदलते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

‘ऐकू येते, पण माझे कुणी ऐकत नाही’ या तक्रारीत संशयाची सुई आधी अँटेनाकडे वळायला हवी. 27 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 11 मीटर. तिच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपासचा अँटेना आदर्श. वाहनावर तो गैरसोयीचा म्हणून तारेचे वेटोळे घालून तोकडा केलेला अँटेना वापरतात. तो जितका आखूड, तितकी त्याची जुळणी नाजूक. शिवाय हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे वाहनाचा धातूचा सांगाडा. आरशाच्या दांडीवर रंगाच्या थरावरच पट्टी आवळली किंवा ट्रकची केबिन फायबरची असली, तर हा दुसरा अर्धा भाग नाहीसाच होतो.

ही जुळणी मोजण्याचे साधन म्हणजे स्टँडिंग वेव्ह रेशो, एसडब्ल्यूआर दाखवणारा मीटर. रेडिओने पाठवलेल्या शक्तीपैकी किती अँटेनापासून परत फिरते, हे त्यावरून कळते. मीटर 1.5 दाखवत असेल तर अवघी 4 टक्के शक्ती परतते. 2 असेल तर सुमारे 11 टक्के. 3 वर पाव भाग शक्ती परत येते आणि संचातील शेवटचा ट्रान्झिस्टर तापू लागतो. त्यापुढे बोलण्याचे बटण दाबूच नये. मोजमाप 1 आणि 40 या दोन्ही टोकांच्या चॅनेलवर घ्यावे. 40 वरचा आकडा मोठा असेल तर अँटेना लांब आहे, 1 वरचा मोठा असेल तर आखूड. दोन्हीकडे आकडा चढाच असेल तर लांबीशी खेळण्यात अर्थ नाही. केबल किंवा सांगाड्याशी असलेली जोडणी तपासावी. दाराच्या फटीत रोज चिरडली जाणारी केबल हा नेहमीचा आरोपी. तिची दोन्ही टोके सोडवून मल्टिमीटर लावावा. मधली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवी, पण तिचा बाहेरच्या जाळीशी संबंध नको. टोकातून पाणी शिरून जाळी काळवंडली असेल, तर केबल बदललेलीच बरी.

खरखरीचे निदान त्याहून सोपे. इंजिन बंद केल्यावर ती थांबली, तर दोष वाहनाच्या विजेत आहे. रेडिओच्या तारा थेट बॅटरीपासून घेतल्या तर पुष्कळदा काम भागते.

पेटी कुणाच्या हाती द्यावी?

एवढे करूनही रेडिओ बोलत नसेल तर बिघाड आत आहे. जुन्या संचांत कपॅसिटर वाळतात, धक्क्यांनी सोल्डर सुटते, वाईट अँटेनामुळे शेवटचा ट्रान्झिस्टर जातो. ही कामे जाणकाराचीच. मात्र अमेरिकेतील ट्रक थांब्यांजवळच्या अनेक दुकानांत दुरुस्तीपेक्षा ‘पीक अँड ट्यून’ जास्त खपते. संच उघडायचा, कॉइलमधील स्क्रू फिरवायचे, आवाजाची मर्यादा राखणारा भाग कापून टाकायचा आणि वॉटमीटरचा काटा उंच उडालेला गिऱ्हाइकाला दाखवायचा. अशा कारागिरांना जाणकार मंडळी उपहासाने ‘सोनेरी स्क्रू-ड्रायव्हर’ म्हणतात.

काटा खोटे बोलत नाही, पण त्याचा अर्थ फार थोडा असतो. नियमानुसार एएम पद्धतीत सीबीची मर्यादा 4 वॅट आहे. ती ओलांडून 8 वॅट केली, तरी दूरच्या श्रोत्याच्या मीटरवर अर्ध्या एककाचाच फरक पडतो. पूर्ण एककासाठी शक्ती चौपट हवी. उलट मर्यादा काढल्याने आवाज फाटतो, शेजारच्या चॅनेलवर सांडतो आणि ट्रान्झिस्टरचे आयुष्य घटते. संच बेकायदा होतो तो वेगळाच. बर्फात अडकलेल्या चालकाचे शब्द समोरच्याला कळलेच नाहीत, तर ते वाढीव वॅट काय कामाचे?

विश्वासू तंत्रज्ञ बहुधा पहिल्या पाच मिनिटांत ओळखता येतो. तो पेटी उघडण्याआधी अँटेनाची चौकशी करतो. पेटी 50 ओहमच्या डमी लोडला जोडून पाहतो. तेथे ती ठीक चालली, तर ‘तुमचा रेडिओ चांगला आहे, केबल बदला’ असे सांगून पैसे न घेता किंवा तपासणीचेच पैसे घेऊन परत देतो. असे सांगणारा भेटला तर पत्ता जपून ठेवावा. त्याच्या टेबलावर ऑसिलोस्कोप, फ्रीक्वेन्सी काउंटर आणि सिग्नल जनरेटर असतात. त्या संचाचा नकाशा त्याच्यापाशी असतो किंवा तो मागवतो. 19 क्रमांकाचे चॅनेल 27.185 मेगाहर्ट्झवरच आहे का, हे तो मोजून सांगतो. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचा जनरल रेडिओटेलिफोन परवाना त्याच्याकडे असेल तर उत्तम, पण कागद आणि हातातले कौशल्य या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे पावतीवर मागावेत, काढलेले भाग परत मागावेत आणि खर्चाची मर्यादा आधी ठरवावी. स्वस्तातला संच असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा घ्या, असा सल्ला देणाराही प्रामाणिकच समजावा.

अमेरिकेतून परतताना असा संच सामानात आणण्याचा विचार करणाऱ्यांनी एक गणित करून पाहावे. भारतात 2005 च्या नियमांनी परवान्याशिवाय वापरासाठी खुला केलेला पट्टा 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ एवढाच होता, शक्तीची मर्यादा 5 वॅट. अमेरिकी संचाचे 28 वे चॅनेल 27.285 वर येते. म्हणजे शेवटची 13 चॅनेल त्या पट्ट्याबाहेर पडतात. त्यामुळे संच आणण्यापूर्वी चालू नियम पाहणे आवश्यक आहे. येथे सीबीची दुरुस्ती करणारा शोधायचा तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतील, पण निदानासाठी एखाद्या परवानाधारक हॅम हौशीला गाठणे अधिक फलदायी. त्याच्याकडे एसडब्ल्यूआर मीटर आणि डमी लोड असण्याची शक्यता बरीच असते, आणि तोही बहुधा आधी केबलच मागेल.