अमेरिकेत खटला नोटांवरही भरतात

"तिकडे कायद्याचं राज्य आहे हो, गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय पोलीस कुणाच्या पैशाला हात लावत नाहीत." हे मी ऐकतो ते बहुतेक वेळा अमेरिकेत वर्षानुवर्षं राहिलेल्या मंडळींकडूनच. लावतात हो. सर्रास लावतात.

तिथल्या दिवाणी जप्तीत आरोपी माणूस नसतो, वस्तू असते. २००३ साली नेब्रास्कात वेगमर्यादा मोडली म्हणून एक गाडी अडवली. आत कूलरमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नोटा होत्या, १,२४,७०० डॉलर. अमली पदार्थ सापडले नाहीत. चालकाने आधी 'रोकड नाही' असं सांगितलं होतं, हे खरं. पण खोटं बोलणं म्हणजे ड्रग्ज विकणं नव्हे. खटल्याचं नाव काय, तर 'अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर'. २००६ मध्ये अपील कोर्टाने पैसे सरकारला देऊन टाकले.

"निर्दोष असेल तर कोर्टात जाऊन सोडवून आणावेत की!" कसे? २००० च्या जप्ती सुधारणा कायद्यानंतरही सरकारला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, पारडं जरासं झुकलं की पुरे. राहतं घर सोडलं तर सहसा सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. दोन-तीन हजार डॉलर गेले, तर वकिलाची फीच त्याहून जास्त. नोटिशीतली मुदत टळली की विषय संपला. न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांचा २०१७ चा अहवाल वाचा: अमली पदार्थविरोधी विभागाने दहा वर्षांत जप्त केलेल्या चार अब्जांहून जास्त डॉलर रोकडीपैकी ८१ टक्के रक्कम न्यायाधीशासमोर न जाताच सरकारजमा झाली.

बाकीचे गैरसमज झटपट.

"पैसा सरकारी तिजोरीत जातो." संघराज्याच्या योजनेत स्थानिक पोलिसांना ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. जप्त करणाराच वाटेकरी!

"माफियांनाच झळ बसते." फिलाडेल्फियात मुलाने ४० डॉलरचं हेरॉइन विकलं म्हणून आईबापाच्या घराला सील ठोकलं होतं.

"२०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने प्रश्न मिटला." त्या निकालाने अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू केली, एवढंच. २०२४ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की जप्त गाडी खटला संपेपर्यंत ठेवायची की नाही, यावर आधी वेगळी सुनावणी देणं बंधनकारक नाही.

"सुधारणा केली तर गुन्हेगार मोकाट सुटतील." न्यू मेक्सिकोने २०१५ मध्येच दिवाणी जप्ती बंद केली. तिथे आधी गुन्हा सिद्ध करावा लागतो, आणि जप्तीचा पैसा पोलिसांकडे न जाता राज्याच्या तिजोरीत जातो. पोलीसही आहेत, तुरुंगही आहेत.