एका मिलिमीटरचा हिशेब

जबलपूरच्या माणसाला मिलिमीटरचं मोल शिकवावं लागत नाही. १९०४ साली इथं गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली आणि आज तिथं १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ बनते. राइट टाउन, गोलबाजार भागातल्या मराठी घरांत फॅक्टरीतून निवृत्त झालेले कुणी ना कुणी आजोबा किंवा काका भेटतातच. अशा माणसाच्या हातात जुनी रशियन लेन्स दिली, तर तो आधी काच बघत नाही. लेन्स उलटी करतो आणि मागचे आटे चाचपतो. बेचाळीसचा व्यास, एकचा पिच. या लेन्सची ओळख करून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

लेन्सचं नाव हेलिओस ४४-२. फोकल लेंग्थ ५८ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ/२. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात आणि सोव्हिएत संघातल्या आणखी काही कारखान्यांत ती लाखोंनी बनली, झेनिट कॅमेऱ्यांसोबत जगभर गेली. तिची मूळ रचना जर्मन. कार्ल झाईस कंपनीतल्या विली मेर्टे यांची ‘बायोटार’ ही तिची आई. दुसऱ्या महायुद्धानंतर झाईसचं ज्ञान आणि यंत्रसामग्री सोव्हिएत संघाच्या हाती लागली, त्यातून हेलिओस आली. चार गटांत बसवलेल्या सहा काचा, अ‍ॅपर्चरची आठ पाती, धातूचं अंग. आत ना मोटर, ना चिप, ना वायर.

फिल्म गेली तेव्हा या लेन्सही कपाटात गेल्या. तिथून त्या बाहेर आल्या त्या कॅमेऱ्यातला आरसा निघाला म्हणून. प्रत्येक लेन्सला सेन्सरपासून ठरावीक अंतरावरच बसावं लागतं, तरच दूरचं दृश्य स्पष्ट उमटतं. एम४२ आट्यांच्या लेन्ससाठी हे अंतर ४५.४६ मिलिमीटर. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५. म्हणजे लेन्स जिथं हवी तिथून एक मिलिमीटर आणि वर थोडी पुढंच बसते. त्या एका मिलिमीटरपायी समोरच्या माणसाचा चेहरा टिपता येतो, पण मैदानापलीकडची झाडं कधीच फोकसमध्ये येत नाहीत. अ‍ॅडॉप्टरमध्ये जादा काच घातली तर येतात, पण चित्राचा कस उतरतो. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये अंतर ४४, तिथं दीड मिलिमीटरची पातळ रिंग जेमतेम मावते.

२००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला. आरसा नसलेल्या, अदलाबदलीच्या लेन्सच्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांतला तो पहिला. आरसा आणि त्याला लागणारी जागा गेली तसं पुढच्या कॅमेऱ्यांचं अंगच पातळ झालं. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. आता लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये जागाच जागा. सोनीसाठी ४५.४६ मधून १८ वजा केले की २७.४६ उरतात. तेवढ्या लांबीची पोकळ नळी, एका टोकाला एम४२ चे आटे, दुसऱ्या टोकाला सोनीचं बायोनेट, झाला अ‍ॅडॉप्टर! बाजारात तो तयार मिळतो, पण चांगला टर्नर लेथवर तो घडवू शकतो. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. नवी ऑटोफोकस लेन्स बिघडली की ती सर्व्हिस सेंटरच्या स्वाधीन करावी लागते. हेलिओस मात्र हातानं उघडता येते, तिचं वाळलेलं ग्रीस पुसून नवं भरता येतं.

मराठी माणसाला असं हातानं यंत्र घडवणं नवं नाही. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी हाच मार्ग धरला होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. सहकारी दामल्यांच्या साथीनं घरच्या घरी मूव्ही कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला.

आता हेलिओस वापरायची कशी, तेही सांगतो. मेनूत जाऊन लेन्सशिवाय शटर चालवण्याची परवानगी द्यायची, नाहीतर कॅमेरा हटून बसतो. ४४-२ ला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा. पहिलीनं आकडा ठरवायचा, दुसरीनं पाती उघडायची-मिटायची. दुसरी रिंग टकटक न करता सुळकन फिरते, म्हणून व्हिडिओवाले तिच्यावर जीव टाकतात. ‘द बॅटमॅन’ या २०२२ च्या चित्रपटासाठी छायाचित्रकार ग्रेग फ्रेजर यांनीही हेलिओस वापरली.

गणपतीच्या दिवसांत राइट टाउनमधल्या एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात शेजारच्या काकूंचा फोटो काढत होतो. नऊवारी, नथ, मागं कडुनिंबातून झिरपणारं संध्याकाळचं ऊन. लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडी, अंतर मीटरभर. इतक्या जवळून स्पष्टतेचा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. नथ धरली तर कान सुटतो. स्क्रीनवर चित्र मोठं करून रिंग सावकाश फिरवायची, नथीतल्या मोत्यांच्या कडांवर फोकस दाखवणारे लाल ठिपके चढले की थांबायचं. तोवर काकू विचारतात, ‘‘झालं का रे?’’

‘‘हलू नका काकू, श्वाससुद्धा हळू घ्या.’’

फोटोत नथीचा मोती न्‌ मोती मोजता येतो आणि मागची कडुनिंबाची पानं काकूंच्या डोक्याभोवती गोल गरगरलेली दिसतात. हा भोवरा म्हणजे खरं तर रचनेतला दोष. कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा अडतो, त्यामुळे मधले गोल ठिपके कडेला बदामासारखे चपटे होतात. शिवाय फोकसचं प्रतल सपाट न राहता वाकतं. नव्या लेन्सचे अभियंते हे घालवण्यासाठी जिवाचं रान करतात. चेहऱ्याच्या फोटोत मात्र तो दोष नजरेला मधोमध खेचून आणतो. लहान एपीएस-सी सेन्सरवर कडा कापल्या जातात, भोवरा निम्मा विरतो आणि दृश्य ८७ मिलिमीटरच्या लेन्सइतकं जवळ येतं. भोवरा हवा असेल तर फुल फ्रेम कॅमेराच हवा, जुना वापरलेला असला तरी चालेल.

हेलिओसच हवी असंही नाही. पेंटॅक्स के१००० बरोबर आलेली ५० मिलिमीटर, घरच्या याशिका एसएलआरची लेन्स, निकॉनच्या जुन्या लेन्स, सगळ्यांना अ‍ॅडॉप्टर मिळतात. घेताना काचेतून टॉर्च मारून बघा. जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसली तर स्वस्त मिळाली तरी सोडा. जबलपूरचा पावसाळा असल्या लेन्सचा खरा शत्रू. चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पात्यांवर तेल दिसलं तर घाबरू नका, ४४-२ ची पाती हातानंच फिरतात, त्यांना ते फारसं अडवत नाही. रिंग जड फिरत असेल तर ग्रीस वाळलंय, एवढंच.

आणि ती फक्त चेहऱ्यांपुरती आहे असंही मानू नका. भेडाघाटला नावेतून संगमरवरी कड्यांमधून जाताना अ‍ॅपर्चर एफ/८ वर आणा. तीच लेन्स दगडातली रेघ न्‌ रेघ कोरून देते. सूर्य समोर असेल तर हूड लावा, नाहीतर जुन्या कोटिंगमुळे सगळं चित्र फिकट धुवट होतं. नावाडी यमकं जुळवत कड्यांची वर्णनं करत असतो आणि नाव डोलत असते; अशा वेळी फोकस आधीच दूरवर लावून ठेवावा आणि फक्त शटरचा विचार करावा. धुआंधारच्या कठड्याशी मात्र लेन्स बदलू नका. लेन्स काढली की कॅमेऱ्याचा सेन्सर तिथल्या तुषारांसमोर उघडा पडतो, आणि या लेन्सला पाणी अडवणारं रबरी सीलही नाही.