कोचाबांबाचं पाणी

बोलिव्हियात 1985 साली कथलाचे भाव कोसळले, सरकारी खाणी बंद पडल्या आणि हजारो खाणकामगार बायकामुलांसह कोचाबांबा शहराच्या कडेला येऊन राहिले. दक्षिणेकडच्या या वस्त्यांत नळ पोचलेच नाहीत. लोकांनी वर्गणी काढून, श्रमदानानं स्वतःच्या विहिरी खोदल्या. ज्यांना ते जमलं नाही, त्यांनी टँकरचं महागडं पाणी विकत घेतलं.

1999 मध्ये सरकारनं शहराचा पाणीपुरवठा 40 वर्षांच्या करारानं ‘आग्वास देल तुनारी’ या कंपनीकडे सोपवला. अमेरिकेच्या बेक्टेलचा त्यात मोठा वाटा होता. काही महिन्यांतच दर भडकले, अनेकांची बिलं दुप्पट झाली. नव्या कायद्यामुळे लोकांनी खोदलेल्या विहिरीही कंपनीच्या ताब्यात जातील, ही भीती तर त्याहून मोठी होती. बूट कारखान्यातले कामगार नेते ऑस्कर ओलिव्हेरा यांच्यासोबत शेतकरी, कामगार, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. एप्रिल 2000 मध्ये आणीबाणी लागू झाली, 17 वर्षांचा एक मुलगा गोळीबारात गेला. अखेर करार रद्द झाला.

कंपनीनं कोट्यवधी डॉलरची भरपाई मागितली होती. 2006 मध्ये तो दावा तिनं नाममात्र रकमेवर सोडला.

2009 च्या राज्यघटनेत बोलिव्हियानं पाण्याला मूलभूत हक्क मानलं. पुढच्याच वर्षी त्याच देशाच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनीही तसा ठराव केला. पण सरकारी व्यवस्था परत आली म्हणून पाइप आपोआप वाढले नाहीत. ज्यांच्या लढ्यानं करार मोडला, त्या दक्षिण भागातली अनेक घरं पुढची कित्येक वर्षं टँकरवरच अवलंबून राहिली.