आवणीच्या चिखलातलं लुगडं

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, भंडारदऱ्याच्या आसपास आवणी सुरू झाली की गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताची रोपं लावायची असतात. लुगड्याची खरी परीक्षा इथे होते.

साठीतली बाई भल्या पहाटे लुगडं नेसते ती आरशाशिवाय. कापड नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. परकर नाही, नाडी नाही, पिन नाही. कमरेला वेढा घेऊन ती पोटावर गाठ मारते आणि एकदा ओढून बघते, कारण सगळा भार या गाठीवर. पदराचं कापड खांद्याकडे सोडून मधल्या घोळाच्या निऱ्या पुढे खोचते. मग निऱ्यांची खालची कड पायांतून मागे नेऊन पाठीमागे खोचली की झाला कासोटा. चिखलात उतरताना दोन्ही बाजूंचं कापड वर ओढून गुडघ्याच्या वर खोचायचं. बांधावर आलं की पुन्हा खाली सोडायचं.

ब्राह्मणी नेसणीत हाच घोळ घोट्यापर्यंत येतो आणि पुढे ओचा असतो. किनाऱ्यावरच्या कोळणी कासोटा घट्ट आवळून नेसतात. कापड तेच, नेसण ठरते कामावरून आणि समाजावरून.

ही लुगडी एके काळी नगर जिल्ह्यातच विणली जात. एकोणिसाव्या शतकात नगर, भिंगार आणि संगमनेरला साळी, पद्मशालींचे हातमाग चालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी विणकरांसाठी जलद चालणारा सुधारित माग नगरमध्येच घडवला.

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या त्या नऊवारीतच. शेतावरचा पोशाख तिथे जसाच्या तसा शोभला.

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड बायकांनी मात्र पाचवारी धरली. उसाच्या पात्याने हात चिरतात, म्हणून साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढतो.

लग्नसराईत आता शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवली की दोन मिनिटांत तयारी होते, आणि ज्यांना नेसता येत नाही त्या मुलींची हौस भागते, हे चांगलंच. पण तिचा कासोटा शिवणीतच पक्का झालेला असतो. कापड बांधावर खाली सोडायचं आणि चिखलात वर खोचायचं, ही सोय हवी तर नऊ वारांचं सुटं कापड आणि ते नेसण्याची सवय, दोन्ही लागतात. ती सवय अकोल्यात आजही सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे हातानेच जाते.