गाडीत दडवलेला पहारेकरी

न्यू जर्सी, टेक्सास वा कॅलिफोर्निया येथे स्थिरावलेल्या व्यापारी घरांतील तरुण मंडळी नवी गाडी घेतात, तेव्हा गाडीच्या किमतीबरोबर आणखी एका वस्तूचा हिशेब कित्येकदा मांडला जातो. ही वस्तू बाहेरून दिसत नाही. समोरच्या जाळीमागे एक हवाबंद डबी, मागच्या बंपरमध्ये दुसरी, क्रमांकाच्या पाटीजवळ बोटाएवढे दोन-तीन संवेदक आणि चालकासमोर तांदळाएवढा एक दिवा, एवढाच तिचा पसारा. पुढे कोठे पोलीस रडारने वा लेझरने गाड्यांची गती मोजत असतील, तर ही वस्तू चालकास आधी सूचना देते, असे तिचे विक्रेते सांगतात. यंत्र आणि ते बसविण्याची मजुरी धरून खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. व्यापारी माणूस कोणत्याही वस्तूबाबत विचारतो तोच प्रश्न येथेही विचारावा लागतो : या पैशाच्या मोबदल्यात हाती काय पडते?

गती मोजण्यासाठी रडारचा वापर अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ च्या आरंभी तेथे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा लागू झाली आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक हैराण झाले. रडार-सूचक यंत्रांचा बाजार त्या काळात फोफावला. ती राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली, बाजार मात्र टिकून राहिला. रडारच्या जनकांपैकी एक मानले जाणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनाही १९५०च्या दशकात कॅनडामध्ये रडारनेच पकडून दंड केला होता. आपली विद्या आपल्यावरच उलटावी, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

रडार गतीचे मापन कसे करते, हे समजल्याशिवाय सूचक यंत्राची योग्यता कळत नाही. पोलिसांची गन रेडिओलहरी सोडते. धावत्या गाडीवर आपटून परतताना त्या लहरींची वारंवारता किंचित बदलते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी उंच आणि दूर जाणारीची खोल ऐकू येते, त्याच तत्त्वाने. २४.१५ गिगाहर्ट्झच्या लहरी ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या गाडीवर आपटल्या, तर हा फरक सुमारे ४,४७० हर्ट्झचा पडतो, आणि तेवढ्यावरून यंत्र वेग सांगते. यात सूचक यंत्राला एक नैसर्गिक लाभ मिळतो. पोलिसांच्या लहरीला गाडीपर्यंत जाऊन परत यावे लागते आणि परतताना ती फार क्षीण होते. सूचक यंत्राला केवळ जाणारी लहर ऐकायची असते. शिवाय रडारचा झोत पसरट असतो. तीनशे मीटरवर त्याची रुंदी साठ-सत्तर मीटर भरते, त्यामुळे दुसऱ्या गाडीवर रोखलेल्या रडारची चाहूलही मागून येणाऱ्याला लागते. जुन्या काळी या यंत्रांनी चालकांना खरोखर वाचविले, ते या दोन कारणांनी.

लेझरने हा सारा डाव मोडला. लेझर गन अवरक्त प्रकाशाचे सूक्ष्म स्पंद सोडते आणि ते परत येण्यास किती वेळ लागला हे मोजते. तीनशे मीटरचे जाणे-येणे सेकंदाच्या दोन दशलक्षांश भागात उरकते. असे अनेक स्पंद एकामागून एक सोडून, अंतर कोणत्या दराने घटत आहे यावरून गती काढली जाते, आणि हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत होते. तीनशे मीटरवर हा झोत जेमतेम एक मीटर रुंद असतो. पोलीस तो बहुधा क्रमांकाच्या पाटीवर वा दिव्यांवर रोखतात. तो शेजारच्या गाडीवर सांडत नाही, मागच्याला त्याची चाहूल लागत नाही. सूचक यंत्र ‘लेझर’ म्हणून ओरडते त्या क्षणी गतीची नोंद बहुतेक वेळा होऊन गेलेली असते. हजारो डॉलर मोजून मिळालेली ही सूचना व्यवहारात पुढच्या वळणावर पोलीस हात दाखवतील एवढेच सांगणारी असते. विक्रेत्याच्या तोंडून हे वाक्य क्वचितच ऐकू येते.

मग ते दडवून बसविण्याचा खटाटोप कशासाठी? कारणे तीन सांगितली जातात. पुढच्या काचेवर चिकटवलेले यंत्र चोरांना दिसते. काही राज्यांत काचेवर काही लावण्यासच निर्बंध आहेत. आणि तिसरे, क्वचितच मोठ्याने बोलले जाणारे कारण, ते पोलिसांनाही दिसते.

बसविण्याचे काम कसबाचे आहे, हे मान्य करावे लागेल. कारागीर प्रथम संपूर्ण पुढचा बंपर उतरवितो. रडारची डबी धातूच्या आडोशाला ठेवता येत नाही, कारण पत्रा लहरी अडवितो. प्लॅस्टिकच्या जाळीमागे तिला मोकळी जागा हवी, रेडिएटरच्या उष्णतेपासून ती दूर हवी आणि ती जमिनीला समांतर, रस्त्याच्या रोखाने सरळ बसली पाहिजे. लेझरच्या संवेदकापुढे तर काहीच नको, पारदर्शक पट्टीसुद्धा नको, म्हणून ते जाळीच्या भेगांत बसवितात. तेथून तारा इंजिनाच्या कडेने नेऊन, इंजिन आणि आतील भाग यांच्यामधल्या पत्र्यातील रबरी बुशीमधून आत घेतात. वीज फ्यूजच्या पेटीतून अशा ठिकाणाहून घ्यावी लागते, की किल्ली बंद होताच यंत्रही बंद व्हावे. तसे न केल्यास रात्रभरात बॅटरी उतरते. मागील डबीसाठी आसनांखालून आणि दारांच्या उंबऱ्यांखालून तार मागेपर्यंत जाते. सूचना देणारा दिवा आणि छोटा भोंगा डॅशबोर्डमध्ये अशा बेताने बसवितात, की शेजारी बसलेल्या पाहुण्याच्याही ध्यानात येऊ नये. यात दिवसच्या दिवस जातात. बंपर कापला, मूळ वायरिंगला जोड दिला, तर गाडीच्या हमीविषयी पुढे वाद उद्भवतो तो निराळाच.

एवढे करूनही यंत्र खोटे ओरडण्याचे थांबवत नाही. दुकानांची आपोआप उघडणारी दारे आणि आजूबाजूच्या गाड्यांतील ‘शेजारची लेन’ तपासणारे संवेदक त्याच २४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. शहरातून जाताना भोंगा इतका वाजतो, की चालक त्याकडे लक्ष देणेच सोडतो. आणखी एक गंमत आहे. बहुतेक सूचक यंत्रांच्या पोटात स्वतःचा एक लहानसा दोलक असतो आणि त्याच्या लहरींची किंचित गळती बाहेर होते. ती गळती पकडणारी यंत्रे पोलिसांनी आणली. दडवलेल्या पहारेकऱ्याचा श्वास बाहेर ऐकू येतो, असे म्हणावे लागेल. चांगली यंत्रे ही गळती कमी करतात, पण त्याची किंमतही तशीच वाढते.

कायद्याची बाजू राज्यागणिक बदलते आणि येथेच कुटुंबे फसतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत खासगी मोटारीत रडार-सूचक ठेवणे वैध आहे. व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनच्या जिल्ह्यात ते निषिद्ध आहे. १०,००० पौंडांहून अधिक वजनाच्या व्यावसायिक वाहनांत तर संघराज्याच्या नियमानेच सर्वत्र बंदी आहे, म्हणजे दुकानाच्या मालाचा मोठा ट्रक यात येतो. रडारची गन बंद पाडणारी यंत्रे वापरणे संपूर्ण देशात बेकायदा आहे, आणि लेझर अडविणारी यंत्रे काही राज्यांत. न्यू जर्सीहून दक्षिणेकडे व्हर्जिनियातील नातेवाइकांकडे निघालेले कुटुंब डेलावेअर आणि मेरीलँड ओलांडेपर्यंत निर्धास्त असते. व्हर्जिनियाच्या हद्दीत शिरताच त्यांच्या गाडीतील यंत्र कायद्याविरुद्ध होते. तेथील कायद्याने यंत्र चालू होते हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. ते गाडीत असणे हाच प्रथमदर्शनी पुरावा. सवलत एकच : यंत्राला वीजजोड नसावा आणि ते चालकाच्या वा प्रवाशांच्या हाताशी नसावे. काचेवरचे यंत्र काढून, तार गुंडाळून, मागच्या डिकीत टाकता येते. बंपरमध्ये बसवून फ्यूजपेटीला जोडलेले यंत्र रस्त्याच्या कडेला कोण उतरविणार? लपविण्यासाठी जी किंमत मोजली, तीच या ठिकाणी अडचण होऊन बसते.

व्हर्जिनियातच मर्यादेपेक्षा २० मैल अधिक किंवा कोठेही ताशी ८५ मैलांहून अधिक वेग हा ‘बेफिकीर वाहनचालन’ नावाचा फौजदारी गुन्हा ठरतो, आणि त्यास १२ महिन्यांपर्यंत कैद व २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेथील नागरिकत्वाच्या अर्जात अटकेविषयी आणि गुन्ह्यांविषयी प्रश्न असतात, हे नोकरी-व्यवसायासाठी गेलेल्या तरुणाने आठवणीत ठेवलेले बरे. उत्तरेकडेही तीच गत. नायगारा पाहण्यास आलेल्या आईवडिलांना घेऊन धबधब्याच्या कॅनडाकडील काठावर जावे, तर ओंटारियो प्रांतात असे यंत्र जवळ बाळगणेच निषिद्ध आहे आणि पोलीस ते जप्त करू शकतात. युरोपात फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्येही बंदी आहे.

भारतात पाहावे तर या यंत्राचे मूल्य आणखी घटते. महाराष्ट्र महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनांतून लेझर गन वापरली जाते, आणि लेझरपुढे सूचक यंत्राची काय अवस्था होते ते वर आलेच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कमानींवरील कॅमेरे वाहनांचे क्रमांक टिपतात. इटलीतील महामार्गांवर २००५ पासून सुरू असलेल्या पद्धतीत दोन कमानींमधील अंतर आणि वेळ यावरून सरासरी गती काढली जाते. तेथे कॅमेऱ्यापुरता वेग कमी करणाऱ्यालाही दंड चुकत नाही. अशा मोजणीत रडारची लहर लागतच नाही, मग सूचक यंत्र ऐकणार काय?

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो पेढीवर बसून कागदावर सोडविता येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर. ताशी १०० किलोमीटरने ती कापण्यास ५७ मिनिटे लागतील, १२० ने ४७. घाट, गर्दी आणि टोलनाका हिशेबात न धरता वाचलेली वेळ दहा मिनिटांचीही भरत नाही. दुसऱ्या बाजूस जमेस काय येते? धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून २० टक्के अधिक वेगाने ती ४४ टक्के वाढते. आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी धावत आहेत, एक १०० ने, दुसरी १२० ने, आणि दोघींनी एकाच जागी सारख्याच जोराने ब्रेक लावला. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबते, त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी ६६ किलोमीटर असतो. समोर उभा ट्रक असेल, तर पहिल्या गाडीतील मंडळी खाली उतरून पाणी पितील.

दंडाविषयी व्यापाऱ्यांची एक तक्रार अगदीच गैरवाजवी नाही : गन बरोबर मोजते हे कशावरून? तराजू आणि वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर दुकानदाराला दंड, मग पोलिसांच्या यंत्राला शिक्का का नको? याचे उत्तर आता मिळाले आहे. वाहनांची गती मोजणाऱ्या रडार उपकरणांसाठी केंद्र सरकारने वैधमापनाच्या नियमांत स्वतंत्र तरतूद केली आणि ती १ जुलै २०२५ पासून लागू ठेवली. अशा उपकरणाचीही आता पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन व्हावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर गतीच्या गुन्ह्यात कोणास दोषी धरता येत नाही. तो अंदाज यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मापनावर आधारलेला असावा लागतो. ज्यांना चलान चुकीचे वाटते त्यांनी यंत्राच्या पडताळणीची विचारणा करावी. हा मार्ग उघड आहे आणि त्यास बंपर उतरवावा लागत नाही.

याच कलमात पेढी चालविणाऱ्यांसाठी आणखी काही आहे आणि ते फारसे वाचले जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनास १,००० ते २,००० रुपये, मध्यम व अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. मात्र तो केवळ चालकाला लागू नाही. आपल्या नोकराकडून वा आपल्या हुकमतीतील माणसाकडून मर्यादेबाहेर गाडी चालवून घेणाराही त्याच कलमाखाली येतो. प्रवास अमुक वेळात संपविण्याची सूचना दिली आणि ती वेळ गतिमर्यादा मोडल्याशिवाय पाळता येण्यासारखी नाही असे न्यायालयास दिसले, तर ती सूचनाच सूचना देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. सांगलीहून हळदीची पोती भरून टेम्पो दुपारी उशिरा सुटतो आणि मालक चालकाच्या मोबाइलवर लिहून पाठवितो, की वाशीच्या बाजारात आठच्या आत पोच झालीच पाहिजे. तो निरोप, तारीख आणि वेळेसह, दोघांच्याही मोबाइलमध्ये जपून राहिलेला असतो.