गुलाल उधळण्याआधीची तयारी

पन्हाळा तालुक्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावागावांत ईर्षा पेटते. आरक्षणाची सोडत निघते, एखाद्या वॉर्डात ओबीसी महिलेसाठी जागा राखीव होते आणि दोन्ही पॅनेलच्या पुढाऱ्यांना अचानक खालच्या गल्लीतले तांबोळ्यांचे किंवा बागवानांचे घर आठवते. "भाभी, तुम्ही फक्त सही करा. बाकीचे आम्ही बघतो." घरात मशवरा होतो, तोही पुरुषांचाच. फॉर्म भरला जातो, गुलाल उधळला जातो. मग पाच वर्षे भाभी सही करत राहतात आणि बाकीचे खरोखरच दुसरे कोणीतरी बघत राहते.

हे फक्त आपल्याच समाजात घडते असे नाही. 'सरपंचपती' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राने तयार केला आहे. पण आपल्याला त्याची किंमत जास्त पडते. बऱ्याच गावांत आपली घरे मोजकी. आपल्यातले कोणी निवडून जाण्याची संधी कधीमधीच येते. ती संधी नुसत्या सहीवर गेली तर पुढची कधी येईल, सांगता येत नाही.

आरक्षणाने खुर्ची मिळते, पण त्या खुर्चीवरून बोलायचे कसे, हे शिकावे लागते. ही शिकवण निवडणुकीच्या कितीतरी आधी सुरू व्हावी लागते. आपल्या कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. पण जागा राखल्या तरी त्या भरणारी शिकलेली मुले कुठून आणायची? म्हणून त्यांनी वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढली. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. जागा आणि तयारी ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरीने केली.

दुसरे उदाहरण बायकांचे आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. तिथून गावोगाव बायका एकत्र बसू लागल्या, बोलू लागल्या. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत संपूर्ण महिलांची पॅनेले निवडून आली. तेव्हा महिला आरक्षणाचा कायदाही नव्हता. राज्यात तीस टक्के आरक्षण १९९० मध्ये आले, ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पन्नास टक्क्यांचा निर्णय २०११ मध्ये झाला. विटनेरच्या बायका कायद्याची वाट पाहत बसल्या नव्हत्या. कायदा येण्याआधीच त्या तयार होत्या.

आज शासनाचे प्रशिक्षण आहे. पुण्याची यशदा ही संस्था लोकप्रतिनिधींना शिकवते. महिला राजसत्ता आंदोलनासारखी चळवळ निवडून आलेल्या बायकांच्या पाठीशी गेली पंचवीस वर्षे उभी आहे. पण शासनाचे वर्ग बहुतेक निकालानंतर भरतात. निकालाआधीची शाळा आपल्यालाच भरवावी लागेल.

या शाळेचा पहिला धडा कागदपत्रांचा. उमेदवाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे, मतदार यादीत नाव हवे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर अर्ज बाद होतो. तांबोळी, बागवान, पिंजारी अशा आपल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांना वेळ लागतो. सोडत निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मुलांच्या शाळेच्या दाखल्याबरोबरच हे कागद करून ठेवलेले बरे. निवडणूक संपल्यावर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते. हरलेल्या उमेदवारालाही हा नियम लागू आहे.

दुसरा धडा बोलण्याचा. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीसारखी दुसरी जागा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे. मुलाच्या पोषण आहाराबद्दल, शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल आई बोलली तर तिला कोणी 'राजकारण करते' म्हणत नाही. पुढची पायरी महिला ग्रामसभेची. मुख्य ग्रामसभेआधी ती घ्यावी, असा कायदाच आहे. पण गणपूर्ती होत नाही म्हणून अनेकदा ती कागदावरच उरकली जाते. बचतगटाच्या बैठकीला जाणाऱ्या बायकांना तिथे जायला काय हरकत आहे?

तिसरा धडा पैशाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा होता. स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के पंचायतीने महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अंदाजपत्रक नमुना १ मध्ये असते, घरपट्टीची आकारणी नमुना ८ मध्ये. ज्या बाईला महिन्याचा किराणा आणि लग्नाचा खर्च पैशापैशाने सांभाळता येतो, तिला हे दोन कागद वाचणे जड जाणार नाही. फक्त ते एकदा तिच्या हातात पडायला हवेत.

चौथा धडा सगळ्यात अवघड आहे. निवडून आलेली बाई फक्त आपल्या गल्लीची नसते, सगळ्या गावाची असते. पन्हाळ्याहून विशाळगडाला जाणारी वाट १६६० पासून आपल्या साऱ्यांच्या आठवणीत आहे. त्याच विशाळगडाजवळच्या गजापूरच्या मुसलमानवाडीवर १४ जुलै २०२४ रोजी जमाव चालून गेला. घरांची, वाहनांची, मशिदीची नासधूस झाली. अतिक्रमणाचा वाद गडावरचा, मार मात्र वाडीला बसला. अशा दिवशी ग्रामपंचायतीतली एक खुर्ची जमाव थांबवू शकेल, असा दावा कोणी करू नये. पण जी बाई वर्षानुवर्षे वरच्या आळीच्या गटारासाठी भांडली, जिने दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगणवाडीसाठी तालुक्याला खेटे घातले, तिची ओळख साऱ्या गावाला असते. तंटामुक्त समितीत तिचा शब्द ऐकला जातो. अफवा उठली तर विचारायला लोक तिच्या दारात येतात. ही ओळख निवडणुकीच्या पंधरा दिवसांत होत नाही.

पन्हाळ्याच्या गडावर नगरपरिषद आहे, गडाखाली ग्रामपंचायती. दोन्हीकडे निम्म्या जागा महिलांच्या. कोणत्या पक्षात जायचे, कोणत्या गटात राहायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे मात्र प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमारास होणाऱ्या ग्रामसभांना घरातली एक बाई गेली पाहिजे. बरोबर शेजारच्या दोघी घ्याव्यात, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत. जाताना एक वही न्यावी आणि एकच प्रश्न विचारावा. उत्तर काय मिळाले ते घरी येऊन लिहून ठेवावे. पुढच्या सभेला तीच वही उघडून विचारावे, मागच्या वेळी सांगितलेले काम कुठवर आले?

त्या दिवशी घरचे कोणीतरी म्हणेल, जेवण मी बघतो, तू जा. भाभीची तयारी तिथून सुरू झाली असे समजावे. मग पुढच्या सोडतीनंतर पुढारी दारात आले, "फक्त सही करा" म्हणाले, तर त्या आधी विचारतील, "अंदाजपत्रक आणलंय का?"