शंभर कोटींतल्या हजार पेशी

नायगाव धरून सोळा तालुक्यांचा आपला नांदेड जिल्हा. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 33,61,292 भरली. तुमच्या-माझ्या एकेकाच्या शरीरात त्याहून जास्त पेशी दर सेकंदाला मरतात: सुमारे 38 लाख. दिवसाचा हिशेब 33 हजार कोटींच्या आसपास जातो, वजनात 80 ग्रॅम. तेवढ्याच नव्या तयार होतात, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही.

यातल्या कितीतरी पेशी स्वतःहून मरतात. बिघडलेली पेशी आक्रसते, तिचा डीएनए आतल्या आत बारीक कापला जातो, आवरणावर बुडबुडे येतात, तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. केर, वायली आणि करी या संशोधकांनी 1972 मध्ये याला अपॉप्टोसिस हे नाव दिलं.

किमो कर्करोगाला जाळते, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पण बरीचशी किमो औषधं पेशीचा डीएनए किंवा तिची विभाजनाची यंत्रणा बिघडवून थांबतात. पुढे मरायचं काम पेशीनेच करायचं असतं. सगळी मेख इथेच आहे.

एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने 100 कोटी पेशी असतात. एक पेशी तीस वेळा दुप्पट झाली की 1,07,37,41,824 होतात. एका डोसने 99 टक्के मेल्या असं धरा. उरल्या 1 कोटी, गाठ मोहरीएवढी. दुसऱ्या डोसनंतर 1 लाख, आता कुठल्याही स्कॅनमध्ये काही दिसणार नाही. घरात पेढे वाटले जातात. पण लाख पेशी अजून आत आहेत आणि दोन डोसांच्या मधल्या दिवसांत त्या वाढतच असतात.

आता समजा, दहा लाखांत एका पेशीला औषध लागू पडत नाही. मग 100 कोटींच्या गाठीत अशा 1,000 पेशी पहिल्या सलाइनच्या आधीपासूनच असणार. बाकी सगळ्या मेल्या, तरी या हजारांना पुन्हा 100 कोटी व्हायला फक्त वीस दुपटी पुरतात. म्हणून डॉक्टर दोन-तीन औषधं एकत्र देतात. दोन्ही औषधांना पुरून उरणारी पेशी मग दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे लाख कोटींत एक. एवढ्या गाठीत ती बहुधा नसतेच.

पण हा गुणाकार एका अटीवर खरा ठरतो: दोन औषधांनी मरण्याच्या वाटा वेगळ्या हव्यात. पुष्कळ औषधांची वाट शेवटी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापाशीच येते. बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं त्याला भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि कॅस्पेस नावाची विकरं पेशी कापायला घेतात. बीसीएल-2 हे प्रथिन ही भोकं पडू देत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत 14 आणि 18 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-2 भरमसाट बनू लागतं. धोक्याची वर्दी देणारा पी53 हा जनुक तर जवळपास निम्म्या कर्करोगांत बिघडलेला सापडतो. एका बिघाडात पेशी अनेक औषधांना एकदम दाद देईनाशी होते. मला यातली ही सर्वांत धडकी भरवणारी गोष्ट वाटते.

उपायही त्याच जागी शोधले गेले. बीसीएल-2 ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार19 या उपचाराला भारतात ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, बदलून परत देतात. त्या रक्ताच्या काही कर्करोगांतल्या पेशींत ग्रँझाइम नावाचं विकर सोडतात आणि ते कॅस्पेसना थेट जागं करू शकतं.

नायगावहून नांदेड, तिथून रात्रीची गाडी धरून मुंबई. दर काही आठवड्यांनी हा फेरा माणसाला आणि घराला थकवतो. तरी गाठ लागेनाशी झाली म्हणून उरलेले डोस परस्पर सोडू नका. त्रास सोसवत नसेल, पैसे संपले असतील, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते आणि उपचाराला निघालेल्या कर्करुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे.